तळहातावरची गोळी

एकदा एक वृद्ध वैद्य होते आणि ते फार थकलेले होते. दृष्टांतांतले वृद्ध सहसा थकत नाहीत. ते झाडाखाली बसतात, मंद हसतात, आणि शिष्याने तोंड उघडायच्या आत त्यांच्याकडे उत्तर तयार असते. हे वैद्य तसे नव्हते. त्यांचे गुडघे दुखत, दुपारी जेवणानंतर त्यांना डुलकी लागे, आणि चाळीस वर्षे लोकांची दारू सोडवण्यात घालवल्यावर ‘माणूस सुधारतो का हो?’ असे कुणी विचारले की उत्तर द्यायचाही त्यांना कंटाळा येई. ही गोष्ट त्यांची आहे, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रींच्या एका शहराच्या टोकाला त्यांचे व्यसनमुक्ती केंद्र होते. पत्र्याच्या छपराच्या दोन लांब खोल्या, वीस खाटा आणि व्हरांड्यात एक बाक. सगळे त्यांना आबा म्हणत. केंद्रातून बरे होऊन गेलेला माणूस चार महिन्यांनी पुन्हा दारात उभा राहिला, तर आबा त्याच्यावर कधी रागावत नसत. “आलास? बरं झालं. आधी चहा घे,” एवढेच म्हणत. त्यामागे मोठा क्षमाभाव होता असे लोक मानत. खरे सांगायचे तर रागावण्याइतका जोर त्यांच्यात उरला नव्हता.

त्यांची एक शिष्या होती. शिकत असताना तिने त्यांच्या केंद्रात दोन वर्षे काम केले होते, आणि पुढे ती मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. तिथे नऊ वर्षे एकाच द्रव्यामागे लागून तिने एक गोळी सिद्ध केली. ती गोळी काही जादू करत नव्हती. सकाळी घेतली की अर्ध्या तासात दारूची तलफ निम्म्यावर येई, आणि दारूच्या दुकानाच्या वळणावर माणसाला पुढे चालत राहण्याचे बळ मिळे. एका रुग्णालयाच्या वॉर्डात साठ जणांना बारा आठवडे ती गोळी देऊन पाहिली. त्यांतल्या चव्वेचाळीस जणांनी त्या काळात दारूला स्पर्श केला नाही.

शोधनिबंध छापून आला. परिषदेत टाळ्या वाजल्या. मग गोळ्या प्रयोगशाळेच्या कपाटात गेल्या आणि तिथेच राहिल्या. शास्त्रज्ञांच्या कपाटांत अशी कितीतरी औषधे पडून असतात. ती कुणाच्या पोटात जात नाहीत आणि त्यासाठी कुणी रडतही नाही. हिला मात्र रडू येई, कारण तिने खाटांवरची माणसे जवळून पाहिली होती.

अशा वेळी तिला एक व्यापारी भेटला. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. अशा गोष्टींत व्यापाऱ्याला वाईट ठरवून मोकळे व्हायची आपल्याला फार सवय आहे. औषधांच्या धंद्यात त्याचे केस पिकले होते, आणि आता व्यसनांवर संशोधन करणाऱ्यांना तो उद्योग कसा उभारावा हे शिकवत असे. दर शनिवारी एक पाठ, असे बारा शनिवार. पहिल्याच दिवशी त्याने सांगितले होते, “तुम्ही औषध शोधलंत. लोकांना घेता येईल अशी वस्तू अजून शोधली नाहीत. शंभर माणसांना भेटा आणि मग बोला.”

बाकीच्या शास्त्रज्ञांनी नाके मुरडली. ही मात्र निघाली. तिने अकरा प्रश्नांचा फॉर्म केला. शेवटचा प्रश्न होता, ‘हे औषध मिळाले तर आपण रोज घ्याल का?’ वस्त्यांतून, केंद्रांतून, फाउंड्रीच्या फाटकांवरून ती शंभर जणांना भेटली. वॉर्डातले जे जुने रुग्ण भेटले त्यांना तिने गोळ्यांचे पाकीटही देऊन पाहिले. दमट हवेत गोळी बिघडते म्हणून तिने जाड चंदेरी पाकीट करून घेतले होते, त्यात एकेक गोळी वेगळी बंद केलेली. त्या पाकिटाचा तिला अभिमान होता.

शेवटच्या शनिवारला आठ दिवस उरले असताना ती आबांकडे आली. त्या शनिवारी पैसे गुंतवणारे तिघे जण येणार होते. औषध कारखान्यात जाणार की कपाटातच राहणार, हे त्याच दिवशी ठरणार होते. आबांच्या केंद्राचे शिफारसपत्र सोबत असेल तर काम सोपे होईल, असे व्यापाऱ्याने तिला सुचवले होते.

“आबा, शंभरपैकी शंभर,” फॉर्मचा गठ्ठा बाकावर ठेवत ती म्हणाली. “सगळे ‘हो’ म्हणाले. एकही नकार नाही.”

आबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “चाळीस वर्षांत मीही दारुड्याच्या तोंडून नकार ऐकलेला नाही, पोरी,” ते म्हणाले.

तिला वाटले, ते कौतुकच करत आहेत. “मग पत्र द्याल ना?”

“देईन की. पण त्याआधी माझं एक काम कर. बाजाराच्या मागे देशी दारूचं दुकान आहे. सकाळी आठला उघडतं. उद्यापासून रोज तिथे जाऊन बस.”

“मी? दारूच्या दुकानासमोर?”

“समोर एक अंडीवाली बसते. माझं नाव सांग, ती जागा देईल. वही नेऊ नकोस, फॉर्म नेऊ नकोस. कुणाला काही विचारायचं नाही.”

“मग करायचं काय?”

“बसायचं आणि दुकानदाराकडे बघायचं. त्याच्याइतका धंदा कळणारा माणूस या गावात दुसरा नाही.” एवढे बोलून आबांनी डोळे मिटले. ते विचारात आहेत की झोपले, हे तिला कळेना.

तिला राग आला. नऊ वर्षे मेंदूचा अभ्यास केलेल्या बाईने दारूविक्याकडून धडे घ्यायचे? म्हाताऱ्याची बुद्धी चळली असावी, असेही तिच्या मनात येऊन गेले. पण पत्र हवे होते, म्हणून त्या शनिवारचा पाठ बुडवून ती गेली.

दुकानासमोर एक फळी टाकून अंडीवाली मावशी बसली होती. पुढ्यात उकडलेल्या अंड्यांचे पातेले आणि तिखटमिठाचा डबा. “आबांनी धाडलं व्हय? बसा की मग,” ती सरकत म्हणाली. “मान खाली घालून बसू नगा. हितं कुनी काय करत न्हाई. समद्यांना आपलंच पडलेलं असतंय.”

पहिल्या दिवशी शिष्येला फक्त वास आला आणि लाज वाटली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने निमूट दुकानदाराकडे पाहायला सुरुवात केली.

दुकान उघडायच्या पाव तास आधीपासून माणसे पायरीवर येऊन बसत. बहुतेकांनी हात काखेत दाबून धरलेले असत. आठ वाजता दुकानदार दार उघडी. तो कुणाला नमस्कार करत नसे, कुणाला काय हवे ते विचारत नसे. बाटलीचे झाकण तो स्वतः फिरवून काढी. पेला अर्धाच भरी. मग तो पेला दुकानाच्या जाळीखालून पुढे सरकवून, समोरचा दोन्ही हातांनी तो घट्ट धरेपर्यंत स्वतःचा हात त्याखाली ठेवी. कुणी रस्त्यापलीकडे दिसला की तो इकडे येण्याच्या आत त्याचा पेला जाळीमागे तयार असे.

“अर्धाच भरतो बगा,” मावशी आपणहून म्हणाली. “सकाळच्या पारी हात ऱ्हात न्हाई कुनाचा. पुरा भरला तर निम्मा भुईला जातोय.”

चौथ्या दिवशी तिने नुसते हात पाहिले. शंभर जणांना ती भेटली होती, पण दुपारी किंवा संध्याकाळी. तेव्हा त्यांचे हात शांत होते, कारण तोवर त्यांचे पिऊन झालेले होते. फॉर्मवरच्या सह्या ठीक आल्या होत्या त्या त्यामुळे. हे आता तिच्या लक्षात आले.

पाचव्या दिवशी पायरीवर हणमंता दिसला. हणमंता लेथवर काम करायचा. वॉर्डातल्या त्या चव्वेचाळीसांत तो होता आणि तिच्या शंभर होकारांतही होता. बारा आठवडे दारूशिवाय काढून तो घरी गेला, तेव्हा तिने त्याच्या मुलीला पेढ्याचा पुडा दिला होता. आता तो तिला पाहून भिंतीकडे वळला. तिच्याने राहवले नाही. कुणाला काही विचारायचे नाही हा नियम मोडून ती उठली.

“हणमंता, गोळ्या संपल्या का?”

त्याने मान हलवली आणि शर्टाच्या खिशातून पाकीट काढले. ते जवळजवळ भरलेले होते. एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या.

“फेकल्या न्हाईत म्याडम. रोज खिशात असत्यात.”

“मग घेतल्या का नाहीस?”

“फुटत न्हाई,” तो म्हणाला आणि त्याने करून दाखवले. कापरे बोट चंदेरी कागदावरून सारखे घसरत होते. “एकदा दातानं फाडलं, तर गोळी गटारात गेली. बायकोला सांगावं, तर ती म्हनती, एक गोळी बी फोडता येत न्हाई व्हय तुला? पोरगी ऐकत असती. मग नगं वाटतंय.”

“पण वॉर्डात तर रोज घेत होतास.”

“वॉर्डात सिस्टर फोडून हातावर ठेवायच्या. पानी बी त्याच द्यायच्या. गिळूस्तोवर हुब्या ऱ्हायच्या. म्या निस्ती गिळायचो.”

तिच्या निबंधात मात्रा होती, वेळ होती, रुग्णाचे वय आणि वजन होते, रक्तातले आकडे होते. दर सकाळी कुणीतरी पाकीट फोडून गोळी तळहातावर ठेवते आणि ती पोटात जाईपर्यंत समोर थांबते, हे कुठेही लिहिलेले नव्हते. लिहावे असे कुणाला वाटलेच नव्हते, कारण वॉर्डात ते रोजचेच होते.

“मग मी विचारलं तेव्हा ‘हो, घेईन’ का म्हणालास?”

“तुमी एवढ्या उन्हाच्या लांबनं आला हुता,” हणमंता म्हणाला. “तुमाला न्हाई कसं म्हनायचं?”

तिने त्याच्या हातातले पाकीट घेतले. तिचे स्वतःचे नखही एकदा घसरले. दुसऱ्या खेपेला कागद फाटला. तिने गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, मावशीने तांब्या पुढे केला. गोळी गिळून तो फळीशेजारी जमिनीवर बसला. समोर दुकान उघडले, पेले सरकू लागले. तो घामाघूम झाला, पण उठला नाही. अर्ध्या तासाने त्याचा चेहरा जरा सैल झाला आणि तो कामावर जायला उभा राहिला. चार पावले जाऊन तो मागे वळला.

“उद्या कोन देनार?” त्याने विचारले.

त्यात तक्रार नव्हती. वेळापत्रक विचारावे तसे त्याने विचारले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वतःच्या कामाची लाज वाटली.

दुपारी ती केंद्रात गेली. आबा बाकावरच होते. तिने सगळे सांगितले आणि सांगता सांगता ती रडू लागली. आबांनी तिला रडू दिले. मग ते म्हणाले,

“त्या व्यापाऱ्यानं तुला चुकीचं शिकवलं नाही. लोकांत जा म्हणाला, तू गेलीस. पण तू विचारत गेलीस. व्यसनी माणसाला जन्मभर एकच प्रश्न विचारतात, सोडशील ना? आई विचारते, बायको विचारते, देवापुढे उभं करून विचारतात, मी विचारतो. तो ‘हो’ म्हणतो. फसवायचं म्हणून नव्हे गं. समोरच्याचं तोंड उतरलेलं त्याला बघवत नाही, आणि दुसऱ्याला देण्यासारखं त्याच्याजवळ तेवढंच उरलेलं असतं. तू शंभर घरांतून तेच गोळा करून आणलंस. दुकानदार कधी विचारत नाही. त्याला माहीत आहे की सकाळी हात कापतात. आपण माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते बघत बसलो आणि त्यानं हात बघितला, म्हणून त्याचं विष रोज पोटात जातं आणि आपलं औषध खिशात राहतं.”

ते पुढे म्हणाले, “मी तरी काय केलं? ‘नियमित घेत जा’ असं चिठ्ठीवर लिहून हजारो माणसं घरी पाठवली. परत आली की चहा पाजला. हे कळायला मला तीस वर्षं लागली आणि कळलं तोवर गुडघे गेले. म्हणून तुला पाठवलं.”

त्यांनी खिशातून लिफाफा काढला. “हे पत्र. औषध गुणकारी आहे असं लिहिलंय, ते खरंच आहे. शनिवारी दाखवायचं की नाही, ते तू ठरव.”

गुरुवारी आणि शुक्रवारी ती स्वतः पहाटे उठून फळीवर गेली आणि हणमंताच्या हातावर गोळी ठेवून आली. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने ती मोठ्या शहरात गेली.

शनिवारी तिची पाळी शेवटची होती. आधीच्यांनी भिंतीवर आलेखांच्या चढत्या रेषा दाखवल्या. ती उभी राहिली तेव्हा लिफाफा पर्समध्ये होता. तो काढून टेबलावर ठेवला असता तर दिवाळीपर्यंत पाकिटे औषधांच्या दुकानांत दिसली असती, हे तिला ठाऊक होते. तिचा हात पर्सपर्यंत गेलाही.

“माझ्या शंभर जणांनी ‘हो’ म्हटलं होतं,” ती म्हणाली. “ते होकार मी मागे घेते. औषध चांगलं आहे, पण ज्याला हवं त्याला ते घेता येत नाही.” आणि तिने फळीवरची सकाळ जशी घडली तशी सांगितली.

तिघांतला एक म्हणाला, “मग पाकीट बदला. बाटलीत भरा.”

“बाटलीचं झाकणही त्या हातांनी उघडत नाही. आणि उघडलं तरी ती सकाळ एकट्यानं काढायची असते. वॉर्डात गोळीबरोबर एक माणूस होता. तो कुठून आणायचा, ते मला अजून माहीत नाही.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने घड्याळ पाहिले. व्यापारी तिला दारापर्यंत सोडायला आला.

“बारा वर्षं शिकवतोय मॅडम, पण आपले होकार परत करणारं कुणी आलं नव्हतं,” तो म्हणाला. “बरोबर बोललात तुम्ही. पण माणूस डब्यात भरून विकता येत नाही, मी तरी काय करू? तो सापडला तर पुढच्या वर्षी या.”

गोळ्यांचा खोका मांडीवर घेऊन ती परतीच्या गाडीत बसली. औषध पुन्हा कपाटात जाणार होते, आणि ते तिने स्वतःच्या तोंडाने घडवून आणले होते. शिवाय आज शनिवार होता. आज हणमंताच्या हातावर गोळी ठेवायला कुणी नव्हते, हे प्रवासभर तिच्या डोक्यातून जाईना.

रविवारी सकाळी ती धावतच दुकानाकडे गेली. पायरीवर माणसे बसली होती. त्यांत तो नव्हता. तिने धीर करून जाळीच्या आत पाहिले. तिथेही नव्हता.

“त्यो गेला पोरीला घिऊन, तिच्या मामाकडं,” मावशी म्हणाली. “गोळी घिऊन गेला.”

“कुणी दिली?”

“म्याच. काल बी म्याच दिली. तुमी न्हाईत, आन् त्यो बसला आपला हात काखेत घालून. मग त्याचं पाकीट घेतलं, सुरीनं कापलं, हातावर ठेवलं. गिळूस्तोवर हुबी ऱ्हायले.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगाया कशाला पायजे?” मावशी म्हणाली. बोलताना तिचे हात चालूच होते. समोर पायरीवरून उठून आलेला एक माणूस उभा होता. त्याचे हात लटपटत होते. मावशीने पातेल्यातून अंडे काढले, फळीवर आपटले, सोलले, तिखटमीठ लावून कागदावर ठेवले आणि तो कागद त्याच्या ओंजळीत नीट बसेपर्यंत धरून ठेवला. मग दुसऱ्याचे सोलले. मग तिसऱ्याचे.

इतके दिवस शिष्या तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि समोर दुकानाकडे पाहत होती.

“मावशी, आणखी कुणी गोळी घेऊन आलं, तर त्यांच्याही हातावर ठेवाल? डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. आणि तुमच्या सकाळच्या कामाचा मोबदला मी बांधून देईन.”

“ठेवीन की. म्या तर रोजच हितं असते.”

“तुमचं गिऱ्हाईक कमी होईल.”

“व्हईना!” मावशी म्हणाली. “अंडी काय प्यालेल्यांनीच खायाची असत्यात व्हय?”

शिष्येने हे आबांना सांगितले. “तीस वर्षं त्या बाईकडून मी अंडी घेतोय,” ते हळूच म्हणाले, “आणि तुला मी दुकानदाराकडे बघायला सांगितलं.” मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि उद्या सकाळी आपणही फळीपर्यंत चालत येऊ म्हणाले.

आपले संशोधन घेऊन बाजाराकडे निघालेल्यांनी एवढेच करावे: ते शेवटी कुणाच्या हातून कुणाच्या हातात जाणार आहे, ते आधी बसून पाहावे, बाकीचे शिकवायला व्यापारी आहेतच.